गाय घ्यायला पैसे आहेत, पाळायला नाहीत

गोवा विधानसभेच्या चाळीसही सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

पर्वरीच्या विधानसभेत दुधाचा विषय निघाला की तो बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेने जातो. एक सदस्य उठून विचारतो, गाय घ्यायला अनुदान देणाऱ्या कामधेनू योजनेखाली किती गाई दिल्या? आकडा येतो. दुसरा विचारतो, सरकार दुधावर लिटरमागे देते ती आधारभूत रक्कम थकली आहे ती केव्हा देणार? चवथीपूर्वी, म्हणजे गणपतीपूर्वी देऊ, असे उत्तर येते. चवथ लांब असली तर लवकरच देऊ. सत्तेत कोण आणि विरोधात कोण याने या सवालजवाबात फरक पडलेला मला दिसला नाही, माणसे तेवढी बाक बदलतात. दिलेल्या गाईंपैकी तीन वर्षांनी गोठ्यात किती उरल्या, हे विचारलेले मात्र माझ्या ऐकण्यात नाही. त्यासाठी हे पत्र.

मी सत्तरी तालुक्यातला दूध उत्पादक. घरी गाई आहेत, आणि गावच्या दूध संस्थेची वही बरीच वर्षे मीच लिहितो. कोणाची गाय कधी व्याली, कधी आटली, कोणाचे फॅट का उतरले, हे त्या वहीत न विचारता कळते. कोण धंदा सोडणार तेही आधी कळते. पहिल्यांदा त्याचे संध्याकाळचे दूध बंद होते, मग काही महिन्यांनी सकाळचे.

गोवा डेअरीच्या, म्हणजे आमच्या सहकारी दूध संघाच्या, कारभाराबद्दल या पत्रात काही नाही. कुर्टीच्या त्या संघाविषयी आजवर छापून आलेली कात्रणे एकत्र केली तर गठ्ठा होईल. पण संघ उद्या आदर्श झाला तरी आमच्या गोठ्यातला हिशेब जुळेल असे मला वाटत नाही. तो बिघडतो दूध कॅनमध्ये पडण्याच्या आधी.

तो हिशेब आधी मांडतो. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. तुमच्या मतदारसंघात दर थोडे इकडेतिकडे असतील, रीत तीच राहील.

दिवसाला सरासरी १० लिटर देणारी संकरित गाय घ्या. शरीर राखायला दीड किलो खुराक आणि पुढे दर अडीच लिटरमागे एक किलो, हे जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवलेले जुने प्रमाण. झाले साडेपाच किलो. किलोला ३० रुपये धरले तर १६५ रुपये. सुका चारा ५ किलो, बाहेरून आणलेला, १० रुपयांनी ५० रुपये. हिरवा चारा २० किलो; घरचा असला तरी खत, पाणी, कापणी धरून ३ रुपये किलो, म्हणजे ६० रुपये. एका दिवसाचे खाणे २७५ रुपयांचे. दुधाला ३५ रुपये मिळाले तर ३५० रुपये आले. मागे उरले ७५. त्यातून क्षारमिश्रण, औषधपाणी, वीज, विम्याचा हप्ता आणि बँकेचे व्याज जायचे आहे. पहाटे उठून शेण काढणाऱ्या बाईची मजुरी तर कोणी धरतच नाही, तीही धरत नाही.

गाय व्याल्यावर ३०५ दिवस दूध देते असे मानतात. दिवसाचे ७५ धरून २२,८७५ रुपये झाले. मग ती आटते. वर्षाला एक वेत, म्हणजे एकदा विणे, साधले तर भाकड दिवस ६०. त्या दिवसांतही ती खाते. पोटातल्या वासरासाठी थोडा जादा खुराक धरून रोजचे २०० रुपये, म्हणजे १२,०००. वर्षाअखेरीस हातात १०,८७५ रुपये.

आता तीच गाय उशिरा गाभण राहिली असे समजा. माज, म्हणजे गाय फळायला तयार होण्याची वेळ, २१ दिवसांनी येतो. चार माज हुकले की तीन महिने गेले. भाकड दिवस ६० चे १५० झाले, खर्च ३०,००० झाला. २२,८७५ मधून तो वजा करा. ७,१२५ रुपयांची तूट येते. गाय तीच, दूध तेवढेच, दरही तोच, आणि धंदा उलटा झाला.

दर लिटरला दोन रुपये वाढवा, ही आमची नेहमीची मागणी. ती रास्त आहे आणि मीही मोर्चात तीच घोषणा देतो. पण दोन रुपयांनी या गाईच्या एका वेतात ६,१०० रुपये जादा येतात आणि तीन महिन्यांचा उशीर १८,००० घेऊन जातो. दुधाचे राजकारण सगळे दरावर चालते. गोठा बुडतो तो भाकड दिवसांत. हे एकदा ध्यानात घेतले की सरकारचा पैसा कुठे पडतो आणि कुठे पडत नाही हे लगेच दिसते. गाय विकत घेताना अनुदान आहे. गाय दूध देते तेव्हा लिटरमागे आधारभूत रक्कम आहे. गाय आटली की दोन्ही बंद. दूध नाही म्हणून रक्कम नाही, आणि नेमके तेव्हाच खुराकाच्या दुकानात उधारी चढत असते. मागच्या दुधाची रक्कम तरी त्या दिवसांत हाती यावी, तर तिचाही नेम नाही.

माज का हुकतात? याला आळस हे उत्तर नाही. माज टिकतो अर्धा-पाऊण दिवस. सकाळी दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन व्हायला हवे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. गाईला कचेरीची वेळ आणि रविवारची सुट्टी ठाऊक नसते. गोव्याच्या उन्हाळ्यात तर संकरित गाय मुका माज करते. ना हंबरते, ना सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, नीट दिसतो. वैशाखात दुपारी गोठ्यात उभे राहून पाहा. हवेत उष्म्यासोबत दमट ओल असते, गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, खाणे निम्म्यावर येते. या गाईत होल्स्टीन या विदेशी जातीचे रक्त आहे, ते थंड मुलखातले, आणि तिची संकरित पैदास वाढली ती घाटापलीकडच्या कोरड्या पठारावर. तिथली गाय ट्रकमधून एका रात्रीत समुद्रसपाटीला उतरवायची आणि पहिल्याच पावसाळ्यात गोचिडांच्या हवाली करायची. गोचीडतापाने लाल लघवी होऊन गेलेली गाय ज्याने पाहिली आहे, त्याला योजनेचा फलक वाचताना काय वाटत असेल!

कामधेनूचा मूळ हेतू वाईट नव्हता. गोव्यात दुभती जनावरे कमी होती, ती वाढवायची होती. पण योजनेने बाहेरच्या बाजारात एक पक्के गिऱ्हाईक उभे केले, ते म्हणजे गोवेकर, ज्याच्या खिशात सरकारी मंजुरीचा कागद आहे. दलालाला तो लांबून ओळखू येतो. कास भरलेली दिसावी म्हणून आदल्या वेळचे दूध न काढता गाय बाजारात उभी करतात, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरीही खरेदी होते, कारण मंजुरीची मुदत संपत आलेली असते. मग अनुदान गोव्याचे, गाय बाहेरची, खुराक बाहेरचा, कडबाही बाहेरचा. या सगळ्यातून गोव्यात पक्के राहते ते शेण. त्यालाही कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांचे मालक, गिऱ्हाईक आहेत म्हणून बरे.

बाहेरची गाय आणण्याऐवजी गोव्यात जन्मलेली कालवड वाढवली तर? तिला इथली हवा जन्मापासून माहीत असते. इथल्या गोचिडांशी तिची ओळख वासरूपणीच होते आणि जगली तर तिच्या अंगी बळ येते. अडचण पैशाची आहे. जन्मापासून पहिल्या वेतापर्यंत तीस महिने जातात. दिवसाला सरासरी ६० रुपये धरले तर ५४,००० रुपये, आणि तेवढ्या काळात ती एक रुपया देत नाही. छोटा उत्पादक काय करतो? वासराला पुरेसे दूध पाजण्याऐवजी ते संस्थेत घालतो, कारण आजचे बिल आज लागते. वासरू खुरटते. दोन-अडीच वर्षांनी व्यायच्या ऐवजी साडेतीन वर्षांनी व्यायला येते. मग तो म्हणतो, घरची पैदास परवडत नाही, आणि परत कामधेनूचा अर्ज भरतो. वासरू संगोपनासाठी पशुपालन नावाची योजना खात्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. पण सभागृहात जिचा आकडा अभिमानाने वाचला जातो ती कामधेनू. ट्रकमधून उतरणाऱ्या गाईबरोबर फोटो काढता येतो. तीस महिने हळूहळू वाढणाऱ्या कालवडीबरोबर कोण काढणार?

माझी पहिली मागणी इथे आहे. खरेदीवरच्या अनुदानाचा मोठा वाटा कालवडीकडे वळवा, आणि तो एकरकमी देऊ नका. सहा महिन्यांची झाली आणि वजन नीट भरले की एक हप्ता, गाभण राहिली की दुसरा, व्याली की तिसरा. फसवणूक होईल असे म्हणाल तर जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहेच. त्या बिल्ल्यावर लसीकरणाची नोंद होऊ शकते, तर हप्त्याचीही होऊ शकेल. आणि व्यालेली गाय पुन्हा वेळेत गाभण राहिली तर त्या उत्पादकाला भाकड काळातल्या खुराकासाठी ठरावीक रक्कम द्या. बक्षीस दुधाला देता तसे वेळेवरच्या गाभणपणाला द्या. खात्याचा रेतन करणारा माणूस रविवारीही मिळाला पाहिजे, हे त्यात आलेच.

कमाई बंद असलेल्या काळात मदत देणे राज्याला नवे वाटायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्यात दारोदार ट्रक उभे राहिले. सरकारने त्या ट्रकमालकांना महिन्याच्या महिन्याला मदत दिली होती, कर्जातही सवलत दिली होती. मी त्याच्या विरोधात नाही. आमच्या गावची घरे त्यावर तगली. पण त्याच तालुक्यांत त्याच काळात दोन-तीन गाईंच्या दुधाने चूल पेटती ठेवली होती, आणि ती बाया सांभाळत होत्या. उभ्या ट्रकला मदत होऊ शकते, तर आटलेल्या गाईला का नाही? ट्रक पुढे माल वाहील याची खात्री कोणी देत नव्हते. गाभण गाय मात्र दोन महिन्यांनी हमखास व्यायची असते.

आता चाऱ्याकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण इथे पैसा कमी लागतो आणि तरी काही होत नाही.

पूर्वी सरदीचे, म्हणजे पावसाळ्यातले, भात कोयत्याने कापायचे, झोडायचे, आणि पेंढा घरी रचून ठेवायचा. वर्षभराची सोय होई. आता मजूर नाही, म्हणून कापणीयंत्र येते. ते यायलाच हवे. भाताच्या शेतकऱ्याला दुसरा इलाज नाही. पण यंत्र दाणे घेऊन जाते आणि पेंढा तुकडे करून ओल्या शेतात टाकून जाते. आश्विनात परतीचा पाऊस पडतो, तो पेंढा जागीच कुजतो. उरलेला कोणी जाळतो. त्याच आठवड्यात चोर्ला घाटातून कडब्याचे ट्रक खाली उतरत असतात, आणि त्यातला अर्धा पैसा डिझेलचा असतो.

पाहा, कापणीयंत्राचा विषय कृषी खात्याकडे, गुरांचा विषय पशुसंवर्धन खात्याकडे. एका खात्याच्या शेतात जे कुजते तेच दुसऱ्या खात्याचा शेतकरी विकत आणतो. मध्ये एक यंत्र बसते, पेंढा गोळा करून गठ्ठे बांधणारे. बेलर म्हणतात त्याला. सासष्टीत, तिसवाडीत, बार्देशात भात होते, पण दावणीला जनावर फारसे राहिलेले नाही. सासष्टीतल्या कुडतरीच्या शेतातला पेंढा तिथे कोणाला नको आहे. आमच्या सत्तरीतल्या वाळपईत तो हवा आहे. ट्रकला दोन तासांची वाट. कापणीयंत्राच्या मागोमाग तालुक्याला एक-दोन बेलर फिरले, गठ्ठे दूध संस्थांच्या गोदामात आले, वाहतुकीचा खर्च पहिली काही वर्षे सरकारने उचलला, तर बाहेरच्या कडब्यावरचा भार बराच उतरेल. शेत ओले असते हे मी जाणतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, आणि सखल शेतात यंत्र रुतेल. तिथे नको. वायंगणीच्या, म्हणजे उन्हाळी, पिकाला तर ही अडचणही नाही, कापणी उन्हात होते.

भाताचा पेंढा निकृष्ट, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून मारायचा, झाकून तीन आठवडे दाबून ठेवायचा, की तो मऊ होतो आणि गाय चवीने खाते. हे तंत्र जुने आहे, प्रशिक्षणाच्या वर्गात सगळे ऐकतात, चहा-सामोसा खातात आणि घरी येतात. कारण ताडपत्री, जागा आणि दोन माणसे एकट्या उत्पादकाकडे नसतात. संस्थेच्या पातळीवर केले तर होईल. तसेच काजूचे. शिमग्यानंतर डोंगरभर बोंडू पिळले जातात, हुर्राक आणि फेणी होते, चोथा टाकून दिला जातो. सुकवून खुराकात थोड्या प्रमाणात चालतो तो. काजूच्या बीला आधारभूत किंमत मिळते; चोथ्याचे नाव मात्र कुठल्याच योजनेत नाही.

हिरव्या चाऱ्याचा हिशेबही ऐका. गाईला रोज २० किलो म्हणजे वर्षाला ७ टनांवर. संकरित नेपियर हा गवताचा चारा चांगल्या पाण्यावर हेक्टरी २०० टन सहज देतो, नीट केला तर अधिक. त्या हिशेबाने एका गाईला साधारण ४०० चौरस मीटर जमीन लागते, म्हणजे पर्वरीत एक बंगला बसेल एवढा भूखंड. पाच गाईंना २,००० चौरस मीटर. सत्तरीत एवढी जमीन नाही असे नाही. पण ती कोणाच्या नावावर आहे?

आमच्या भागात जमीन कसणारा एक आणि एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हे घरोघरचे आहे. कुठे भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, कुठे कोमुनिदादचे, म्हणजे गावसंस्थेचे, कुठे मोकाशाचे, म्हणजे जुन्या इनामदाराचे, कुठे सरकारचे. कूळ कायदा १९६४ चा, भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्यांसाठीचा मुंडकार कायदा १९७५ चा. खटले मामलेदाराच्या कचेरीत अजून आहेत, अर्ज केलेला आजा गेला, आता नातू तारखेला जातो. गोठ्याच्या अनुदानाला जमिनीचा कागद मागतात, विहिरीला मागतात, कूपनलिकेला मागतात. कागद नाही म्हणून पक्का गोठा नाही. गोठा पक्का नाही म्हणून चिखल, चिखल म्हणून खुरांचे आणि कासेचे आजार. पशुपालनाला किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मिळते आणि २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हे वाचायला फार बरे वाटते. पण बँकेतला साहेब पुन्हा उताराच मागतो. कसणाऱ्याला पंचायतीचा दाखला आणि संस्थेच्या दूधपुरवठ्याची नोंद एवढ्यावर गोठा आणि चारा लागवडीचे अनुदान द्या. माणूस रोज संस्थेत दूध घालतो याहून मोठा पुरावा कुठला? २०२३ मध्ये तुम्ही भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदीचा कायदा केलात. जमीन राखण्याचा कायदा झाला, आता ती कसणाऱ्याच्या हाताला काही लागेल असे पाहा.

रानात चरणाऱ्या गुरांचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये झाले. त्याआधीपासून धनगर-गवळी कुटुंबे त्या रानात म्हशी राखतात. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ विषाने मेले. अटक झाली ती गुरे राखणाऱ्यांना. वाघ मारणे गुन्हाच आहे, त्याला माझ्याकडे सबब नाही. पण ज्याची गाय वाघाने मारली त्याला तिची बाजारातली किंमत आठवड्याच्या आत हातात मिळेल अशी व्यवस्था असती, तर गोष्ट तिथवर गेली असती का, हा प्रश्न सत्तरीत आजही विचारतात. २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करायला सांगितले आणि त्यावरून जे काही झाले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाघाच्या बाजूचे आणि विरोधातले सगळे बोलले. म्हशींच्या भरपाईची मुदत कोणी बोलले नाही.

गोऱ्ह्यांचे काय करायचे, हेही एकदा मोकळेपणाने बोला. संकरित गाईचे दर दुसरे वासरू नर. पॉवर टिलर आल्यावर बैल कोणाला नको, त्यातून संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, तो औताला चालत नाही. गोहत्याबंदी १९७८ ची, प्राणी संरक्षणाचा कायदा १९९५ चा. मी वारकऱ्याच्या घरातला, गाय कापा असे माझ्या तोंडून निघणार नाही. मग त्या जनावराच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च कोणी करायचा? सगळा भार त्या दोन गाईवाल्यावर टाकला की तो रात्री दावे सोडतो, आणि सकाळी जनावर होंड्याच्या रस्त्यावर किंवा कळंगुटच्या वाळूत दिसते. मग अपघात, मग तक्रार, मग कोंडवाडा, मग गोशाळेला अनुदान. पैसा शेवटी सरकारच देते, फक्त उशिरा आणि माणूस पडल्यावर. लिंगनिर्धारित वीर्याने दहांत नऊ कालवडी होतात. ते रेतन प्रत्येक दवाखान्यात, कायम आणि उत्पादकाला परवडेल अशा दरात मिळाले तर हा प्रश्न जन्माआधीच निम्म्याहून कमी होईल.

श्वेतकपिलेबद्दल दोन वाक्ये. गोव्याच्या या पांढऱ्या गावठी गाईला राष्ट्रीय नोंदणी मिळाली, जुन्या गोव्यातल्या एल्याच्या कृषी संशोधन संस्थेने त्यावर काम केले, आणि याचा मला अभिमान आहे. पण ती दिवसाला दोन-तीन लिटर देते. तिच्याकडून गोव्याची दुधाची पिशवी भरेल अशी भाषणे करू नका. ती जवळपास खुराकाविना, घरच्या पेंढ्यावर आणि रानावर जगते, आजारी कमी पडते, वेळेवर गाभण राहते. कुळागरवाल्याला, नैसर्गिक शेतीवाल्याला ती शोभते. तिच्यासाठी लिटरचे नव्हे, तर जनावर राखण्याचे अनुदान हवे. गीर आणि साहिवाल या बाहेरच्या देशी जातींच्या वेडाबद्दल बोलत नाही, फार लांबेल.

आम्हाला अनुदान म्हणजे भीक नव्हे, हेही एकदा नोंदवतो. कर्नाटक सरकार आपल्या उत्पादकांना लिटरमागे ५ रुपये देते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये दिले. चोर्ला, अनमोड आणि पत्रादेवीच्या वाटेने जे दूध गोव्यात येते त्याच्याही मागे असा सरकारी हात असतो, शिवाय तिथे मका आहे, उसाचे वाढे आहेत, ज्वारीचा कडबा आहे. त्या दुधाशी आम्ही रोज सकाळी त्याच दुकानाच्या त्याच फळीवर स्पर्धा करतो. बाहेरचे दूध बंद करा असे मी म्हणत नाही. ते थांबले तर पणजीत, मडगावात चहा मिळणार नाही आणि हॉटेलवाले आधी तुमच्याकडेच धावतील. २०२० च्या मार्चमध्ये हद्दी बंद झाल्या तेव्हाचे दिवस आठवा. घरचे थोडे दूध असणे म्हणजे काय, ते तेव्हा सगळ्यांना कळले होते.

२०२५ मध्ये अमृतकाळ कृषी धोरण आले. धोरणाच्या पुस्तिकेत सगळीच पिके आणि सगळीच जनावरे सुखी असतात. आमच्या कामाचे काय ते अर्थसंकल्पाच्या ओळींत कळेल. खरेदीच्या ओळीतले किती पैसे कालवडीच्या, भाकड काळाच्या आणि चाऱ्याच्या ओळीत गेले ते आम्ही पाहू. आधारभूत रक्कम दुधाच्या बिलाबरोबर खात्यात पडते की नाही, हेही पाहू. ती वेळेत मिळाली तर उधारीवरचे व्याज वाचते, म्हणजे सरकारला एक पैसा जादा न देता आमचे उत्पन्न वाढते.

तोवर, तुमच्यापैकी कोणीही, कोणत्याही बाकावरून, येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावा. मसुदा मीच देतो. गेल्या पाच वर्षांत कामधेनू योजनेखाली दिलेल्या गाईंपैकी आज त्याच लाभार्थ्याच्या गोठ्यात किती जिवंत आहेत. त्यांतल्या किती दुसऱ्यांदा व्याल्या. दोन वेतांतले सरासरी अंतर किती. आणि त्यांच्या पोटी गोव्यात जन्मलेल्या किती कालवडी आज दुधात आहेत, हे तालुकावार सांगाल काय? बारा आकडी बिल्ल्यांची नोंद असल्यामुळे ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर चालणार नाही.

उत्तर सभागृहाच्या पटलावर आले की त्याची प्रत संस्थेच्या फळ्यावर लावू. दूध घालायला येणारे सगळे तिथे थांबून वाचतात.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक दूध उत्पादक